समोरच्याने दुसऱ्याच चालीला ‘एफ६’ खेळलं? मग घोडा देऊन टाका! पण एक गोष्ट तपासल्याशिवाय नाही

मोबाईलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतोच. तुम्ही राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवता, समोरचाही तेच करतो. तुम्ही घोडा बाहेर काढता आणि त्याच्या ई५वरच्या प्याद्यावर नेम धरता. आता तो स्वतःचा घोडा काढेल असं वाटत असतं. पण तो चक्क एफ पट्टीतलं प्यादं एक घर पुढे करतो आणि ई५ला टेकू देतो.

चाल दिसायला साधी, सरळ वाटते. प्याद्यावर हल्ला झाला, दुसऱ्या प्याद्याने आधार दिला, यात चुकलं काय? नवशिक्यांना ही चाल आपोआप सुचते ती त्यामुळेच. काही तयारीचे खेळाडूही ती मुद्दाम खेळतात. समोरचा गोंधळेल, चिडेल आणि चिडून काहीतरी वेडंवाकडं खेळेल, असा त्यांचा हिशेब असतो.

या चालीला ‘दमियानो डिफेन्स’ म्हणतात. तिच्यावर तुटून पडायचा मार्ग जगाला पाचशेहून अधिक वर्षं माहीत आहे. तरीही तो अर्धवट पाठ करून गेलेले लोक आजही या चालीसमोर हातातला डाव घालवतात. तर हा हल्ला नेमका कसा होतो, का यशस्वी होतो आणि कुठे थांबायचं असतं, ते आज समजून घेऊया.

ज्याने नावं ठेवली, त्याचंच नाव चिकटलं

पेद्रो दमियानो हा पोर्तुगालमधल्या ओदेमिरा गावचा माणूस. धंद्याने औषधविक्रेता. त्याने बुद्धिबळावर लिहिलेलं पुस्तक १५१२ साली रोममध्ये छापून प्रसिद्ध झालं. छापील बुद्धिबळ पुस्तकांमधलं हे अगदी सुरुवातीचं पुस्तक, आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

गंमत अशी, की दमियानोने या पुस्तकात ‘एफ६’ ही चाल वाईट आहे असंच सांगितलं होतं. ई५ला आधार द्यायचा असेल तर घोडा सी६वर काढा, असा त्याचा सल्ला होता. आजचे विश्वविजेतेही तेच खेळतात. पण त्याने ज्या चालीचे वाभाडे काढले, तिलाच लोकांनी त्याचं नाव देऊन टाकलं. बिचाऱ्या दमियानोचं नाव आज बुद्धिबळातल्या सर्वांत बदनाम बचावांपैकी एकाला चिकटलेलं आहे.

या चालीत एवढं वाईट काय आहे?

एफ पट्टीतलं प्यादं पटावर सगळ्यांत नाजूक जागी उभं असतं. सुरुवातीला त्या घराला राखण फक्त राजाची. ते प्यादं हललं की एकदम तीन गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट म्हणजे, एच५पासून ई८पर्यंतची तिरपी रेघ उघडते. ई८वर काळा राजा बसलेला असतो आणि आपला वजीर एका चालीत एच५वर पोहोचू शकतो. बुद्धिबळातली जवळपास सगळ्यांत झटपट मात याच रेघेवर होते. काळ्याने एफ६ आणि मग जी५ खेळलं, तर पांढरा वजीर एच५वर जातो आणि तिसऱ्याच चालीला खेळ खल्लास.

दुसरी, सी४पासून जी८पर्यंतची रेघही कमकुवत होते. आपला उंट सी४वर आला की काळ्या राजाला त्या बाजूला किल्लेकोट करणं, म्हणजे कॅसलिंग करणं, अवघड होऊन बसतं.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एफ६ हे काळ्या घोड्याचं हक्काचं घर. तिथे प्यादं जाऊन बसलं की घोडा अडतो. राजाजवळचा सगळ्यांत कामाचा राखणदार घरीच बसून राहतो.

म्हणजे एका प्याद्याला आधार देण्यासाठी काळ्याने राजाचं दार उघडं टाकलं. पण दार उघडं आहे म्हणून चोरी आपोआप होत नाही. आत शिरावं लागतं, आणि तेही लगेच. दोन-तीन चाली आरामात खेळलात तर काळा सावरतो.

घोड्याचा बळी

आता चाली पाहू. पट किंवा ॲप समोर ठेवून वाचलंत तर जास्त मजा येईल.

१. ई४ ई५
२. घोडा एफ३ एफ६
३. घोडा ई५वरचं प्यादं खातो!

घोड्याच्या बदल्यात फक्त एक प्यादं! समोरच्याला वाटतं लॉटरी लागली. तो एफ६च्या प्याद्याने घोडा खातो. आणि मग...

४. वजीर एच५, शह!

आता काळ्याकडे दोनच बरे मार्ग उरतात. एक म्हणजे जी६ खेळून मधे प्यादं घालायचं. पण मग आपला वजीर ई५वरचं प्यादं शह देत खातो आणि त्याच वेळी तिरप्या रेघेत एच८वरच्या हत्तीवरही नेम धरतो. राजा वाचवायचा की हत्ती? राजाच वाचवावा लागतो. हत्ती जातो. नंतर काळा वजीर ई४वरचं आपलं एक प्यादं शह देत उचलतो खरा, पण हिशेब मांडून बघा. आपण दिला एक घोडा, मिळाला एक हत्ती आणि वर एक प्यादं. फक्त शहाला उत्तर म्हणून उंट ई२वर घालताना जी२च्या प्याद्यावर नजर ठेवा. काळ्या वजिराचा डोळा आता तिथेच आहे.

दुसरा मार्ग, राजा ई७वर न्यायचा. इथून खरी शिकार सुरू होते.

५. वजीर ई५वरचं प्यादं खातो, शह. राजा एफ७. (त्याला दुसरी जागाच नाही.)
६. उंट सी४, शह.

इथे काळ्याचा राजा जी६वर पळाला, तर गोष्ट लवकर संपते. ७. वजीर एफ५ शह, राजा एच६. ८. डी४! हे प्यादं हललं आणि सी१वरच्या उंटाची वाट मोकळी झाली, म्हणून पुन्हा शह. काळा जी५ खेळून मधे प्यादं घालतो. ९. एच४! आता आपला एच१वरचा हत्तीही लढाईत आला. यापुढे एक शेवट असा होतो: काळा राजा जी७, १०. वजीर एफ७ शह, राजा एच६, ११. एच४च्या प्याद्याने जी५वरचं प्यादं खाल्लं आणि मात. हा शह प्याद्याचाही आहे आणि मागच्या हत्तीचाही. आणि राजाला ते प्यादं खाताही येत नाही, कारण सी१वरचा उंट लांबून त्याला राखतोय.

काळ्याचा उत्तम बचाव आणि त्यावरचा तोडगा

चांगला खेळाडू सहाव्या चालीला राजा पळवत नाही. तो डी५ खेळून आणखी एक प्यादं देतो. वरवर पाहता हे उधळपट्टीचं वाटतं, पण त्यामागे पक्का विचार आहे. डी७वरचं प्यादं सरकलं की सी८वरच्या काळ्या उंटाला वाट मिळते आणि तो एफ५ या घरावर पहारा देऊ लागतो. म्हणजे मघाशी आपण वजीर एफ५वर नेऊन जो शह दिला, तो आता चालणार नाही. वजीरच मारला जाईल.

७. उंट डी५वरचं प्यादं खातो, शह. राजा जी६.
८. एच४!

इथे शह नाही, कुणाला मारलेलंही नाही. साधी प्याद्याची चाल. पण तिचा धाक मोठा आहे. पुढच्या चालीला हेच प्यादं एच५वर जाऊन शह देईल आणि राजाला पुन्हा एच६वर, उंटाच्या तोफेसमोर ढकलेल. इथे घाईने डी४ खेळलात तर काळा उंट डी६वर येऊन आपल्या वजिरालाच हुसकावतो आणि फुकटात एक मोहरा बाहेर काढतो. म्हणून आधी एच४.

काळा एच५ खेळून ते प्यादं अडवतो. आणि आता या हल्ल्यातली सगळ्यांत सुंदर चाल.

९. उंट बी७वरचं प्यादं खातो!

राजा जी६वर उघडा पडलाय आणि आपण पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन प्यादं खातोय, असं का? कारण सी८वरचा तो उंट. तोच एकटा एफ५ राखतोय. त्याने बी७वर येऊन आपला उंट खाल्ला, की त्याने पहारा सोडला. मग १०. वजीर एफ५ शह, राजा एच६. ११. डी४ शह, जी५. १२. वजीर एफ७! आता एच४च्या प्याद्याने जी५वर मारून मात करण्याची धमकी आहे. काळ्याने वजीर ई७वर आणून अडवायचा प्रयत्न केला, तर १३. प्यादं जी५वर मारतं, शह. काळा वजीर ते प्यादं खातो. १४. हत्ती एच५वरचं प्यादं खातो आणि मात! काळा वजीर शेजारीच उभा आहे, पण त्याला हत्ती खाता येत नाही. तो हलला तर सी१वरच्या उंटाचा शह राजावर येतो. वजीर जागच्या जागी जखडला गेलाय.

आणि काळ्याने आपला उंट खाल्लाच नाही तर? समजा त्याने उंट डी६ खेळून वजिरावर हल्ला केला. मग १०. वजीर ए५. आपला बी७वरचा उंट ए८वरच्या हत्तीवर टपलेलाच आहे. काळा घोडा सी६वर आणून मधे घालतो, तर आपण तो घोडा खातो. दिलेला घोडा वसूल झाला, वर चार प्यादी जास्त.

हल्ला म्हणजे धाडस नव्हे, मोजदाद

वरचा डाव पुन्हा एकदा बघा आणि काळ्याच्या पहिल्या आठ चाली मोजा. पाच चाली प्याद्यांच्या, तीन चाली राजाच्या. एकही घोडा, उंट, हत्ती किंवा वजीर जागचा हललेला नाही! काळ्याकडे मोहरा जास्त आहे हे कागदावर खरं. पण लढाई जिथे चालू आहे तिथे त्याचा राजा एकटा आहे. आपले मात्र वजीर, दोन उंट आणि एक हत्ती असे चौघे त्या लढाईत उतरतात.

बळी देण्यामागचं गणित हेच. तुमच्याकडे एकूण किती मोहरे आहेत याला फारसा अर्थ नाही. राजाच्या आसपास हल्ला करणारे किती आणि राखणारे किती, हे मोजायचं. हा फरक मोठा असेल आणि प्रत्येक चालीला शह किंवा धमकी देता येत असेल, तर दिलेला घोडा व्याजासकट परत येतो. फरक नसेल, तर तो घोडा तुम्ही फक्त दान केलात.

पण त्याने घोडा खाल्लाच नाही तर?

रील बघून खेळायला बसलेले बरेच जण इथे अडकतात. सगळं पाठ असतं: घोडा द्यायचा, वजीर एच५, शह, शह, मात. पण एफ६ मुद्दाम खेळणाऱ्यालाही ते पाठ असतं. तो घोड्याला हात लावत नाही. तो खेळतो:

३... वजीर ई७!

वजीर ई५वरच्या घोड्यावर नेम धरतो आणि त्याच्यामागे ई४वरचं आपलं प्यादंही त्याच रेघेत आहे. आता सवयीने वजीर एच५ शह खेळलात तर काय होतं ते बघा. काळा जी६ खेळतो. तुम्ही खुशीत घोड्याने जी६वरचं प्यादं खाता. मग काळा वजीर ई४वरचं प्यादं शह देत खातो. तुम्ही उंट मधे घालता आणि काळा वजीर एफ५वरून सरकत जी६वरचा तुमचा घोडा गिळतो. घोडा गेला आणि त्या बदल्यात हातात जेमतेम एक प्यादं. शिकारी स्वतःच शिकार!

योग्य उत्तर अगदी साधं आहे. ४. घोडा मागे एफ३वर. काळा वजीर ई४वरचं प्यादं शह देत खातो. ५. उंट ई२. दोघांची प्यादी समसमान, कुणाचंच मोठं नुकसान नाही.

इथे अनेकांचा हिरमोड होतो. आपल्याला ‘जिंकायचा हक्क’ होता आणि तो हुकला, अशी भावना येते. मग रागाच्या भरात लोक पुन्हा काहीतरी बळी द्यायला जातात, यावेळी कारण नसताना. खरं तर पट नीट पाहिला तर दिसेल की अजूनही तुम्हीच पुढे आहात. तुमचा घोडा आणि उंट बाहेर आलेत, पुढच्या चालीला किल्लेकोट तयार आहे. काळ्याचा एकटा वजीर पटाच्या मधोमध भटकतोय, एफ६चं प्यादं अजूनही त्याच्या घोड्याची जागा अडवून बसलंय आणि ई पट्टी उघडी आहे. किल्लेकोट करा, हत्ती ई१वर आणा. दुसरा घोडा सी३वर काढला की वजिराला पळावं लागतं आणि तुम्हाला एक चाल फुकट मिळते. काळ्या राजाने ई८वरून हलायला उशीर केला, तर ई२वरचा उंट बाजूला होताच मागच्या हत्तीचा धाक सुरू होतो.

म्हणजे हल्ला संपलेला नाही, फक्त त्याचा वेग बदललाय. आधी तो शहांचा होता, आता तो मोहरे भराभर बाहेर काढण्याचा आहे.

आणि हे सोपं समजू नका. १९६४ साली खुद्द बॉबी फिशर या बचावासमोर बरोबरीत अडकला होता. त्या वर्षाच्या सुरुवातीलाच त्याने अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा अकरापैकी अकरा डाव जिंकून संपवली होती. नंतर देशभर फिरून तो एकाच वेळी अनेक हौशी खेळाडूंशी प्रदर्शनीय डाव खेळत होता. त्यात एकाने त्याच्यासमोर एफ६ खेळलं. फिशरने घोड्याने ई५वर मारलं, समोरच्याने घोडा न खाता वजीर ई७वर आणला आणि शेवटी डाव बरोबरीत सोडवला. वाईट ओपनिंग खेळणारा प्रत्येक जण हरतोच असं नाही. पुढच्या चाली नीट खेळणारा वाचू शकतो.

प्रत्येक विचित्र चालीवर तुटून पडायचं का?

नाही. आणि यासाठी एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

१९८० साली स्वीडनमधल्या स्कारा इथे युरोपीय सांघिक स्पर्धा होती. तेव्हाचा विश्वविजेता अनातोली कार्पोव्ह पांढऱ्या मोहऱ्यांनी ई४ खेळला. इंग्लंडच्या टोनी माइल्सने उत्तर दिलं ए६! म्हणजे पटाच्या कडेचं प्यादं एक घर पुढे. विश्वविजेत्यासमोर अशी चाल म्हणजे थट्टाच वाटावी. पण डाव माइल्सने जिंकला.

एफ६ आणि ए६ या दोन्ही चाली विचित्रच. मग फरक काय? ए६ने काळ्याच्या राजाजवळचं काहीही हललेलं नाही. कुठलीही रेघ उघडली नाही, कुठल्या मोहऱ्याची जागा अडली नाही. फक्त थोडा वेळ वाया गेला. अशा चालीला बळी देऊन ‘शिक्षा’ करता येत नाही, कारण शिरायला दारच उघडं नसतं. तिथे मधली घरं ताब्यात घ्यायची, मोहरे बाहेर काढायचे, किल्लेकोट करायचा आणि मिळालेला वेळ हळूहळू वापरायचा.

तेव्हा पुढच्या वेळी समोरच्याने काहीतरी अतरंगी खेळलं, की हात पटकन वजिराकडे नेण्याआधी तीन प्रश्न विचारा.

एक, या चालीने त्याच्या राजाजवळ नेमकं काय उघडं पडलं? रेघ किंवा घर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ‘चाल विचित्र आहे’ हे उत्तर चालणार नाही.

दोन, तिथे मी शह किंवा धमकी देत किती मोहऱ्यांनिशी पोहोचू शकतो, आणि त्याचे राखणदार किती?

तीन, मी देतोय ते त्याने घेतलंच नाही, तर मी कुठे असेन?

बहुतेक लोक पहिल्या प्रश्नापर्यंत पोहोचतात, काही दुसऱ्यापर्यंत. डाव मात्र तिसऱ्यावर जातात. तुम्ही दिलेलं समोरच्याने नाकारलं, तरी तुमचे मोहरे चांगल्या जागी असतील, तर बिनधास्त द्या. दमियानो डिफेन्समध्ये घोड्याने ई५वर मारणं जबरदस्त ठरतं ते त्यामुळेच. खाल्लं तर राजाची शिकार, नाही खाल्लं तरी आपण पुढे.

आज एखाद्या मित्रासोबत हे करून बघा. त्याला काळे मोहरे द्या आणि ठरवून एफ६पासून दहा डाव खेळा, पाच डावांत त्याने घोडा खायचा, पाच डावांत वजीर ई७ खेळायचा. पहिले पाच डाव तुम्ही बहुधा जिंकाल. दुसऱ्या पाचांत काय होतं, ते आम्हाला कमेंटमध्ये नक्की सांगा.